माप, वजन आणि लोकांची तोंडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बोळात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. टेप कमरेला लागला की बहुतेक बायका श्वास आत ओढतात, आणि सोडला की बोलायला लागतात. तेच प्रश्न पुढं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, रात्री अकरालासुद्धा. दरवेळी नव्यानं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेत. औषधपाण्याचं आमच्या भिशीतल्या डॉक्टर मॅडमना विचारलंय, कायद्याचं वकीलताईंना. बाकीची मतं माझी. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

१. "जाड झालीस गं" एवढंच म्हटलं तर काय बिघडलं? खरं तेच बोलले ना?

जाड हा शब्द उंच किंवा सावळा यासारखाच एक शब्द आहे. पण तो एकटा येत नाही. त्याच्या मागून आळशी, खादाड, गबाळी, "घरात काम करत नसणार" अशी वरात येते. बिघडतं ते तिथं. मिसळीच्या गाडीवर बारीक पोरीनं जादाचा पाव मागितला तर "खाऊ दे, अंगाला लागू दे". अंगानं दांडग्या पोरीनं तोच पाव मागितला तर "म्हणूनच". पाव एकच, कट एकच. वजनाच्या आकड्यावरून माणसाचा स्वभाव, लायकी आणि भूक ठरवायची, यालाच वजनावरून भेदभाव म्हणायचं. ढोली, म्हैस, पिंप, टुणटुण ही त्याची लाडकी नावं. "खात्यापित्या घरची" हे त्याचं सभ्य नाव.

२. सासूबाई काळजीपोटीच बोलतात. त्यानं थोडी तरी जाग येत नाही का?

येत नाही. अमेरिकेत सहा हजारांवर प्रौढांचा २००६ ते २०१० असा चार वर्षं मागोवा घेतला. सुरुवातीला जे लठ्ठ नव्हते, त्यांच्यापैकी वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचं सांगणाऱ्यांची पुढं लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट निघाली. हा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. एका अभ्यासानं कारण सिद्ध होत नाही हे मान्य. पण आपल्या घरातलं बघा. टोमणा ऐकलेली बाई रंकाळ्यावर फिरायला जायचं बंद करते, कारण तिथंही लोक बघतात. जेवणात चारचौघांत अर्धी भाकरी खाते आणि दुपारी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फरसाण.

काळजी ओळखायची माझी एक खूण आहे. ज्याला काळजी असते तो "झोप लागते का, गुडघा कसा आहे, चल जरा फिरून येऊ" असं विचारतो, तेही एकटं गाठून. हळदीकुंकवात पंचवीस बायकांसमोर विचारलेला प्रश्न काळजीचा नसतो.

३. नेटवर बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) काढला, २६ आला. मी लठ्ठ आहे का?

कुणाचं कोष्टक धरता त्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या कोष्टकात २५ च्या पुढं वजन जास्त आणि ३० च्या पुढं लठ्ठपणा. भारतीयांसाठी आपल्याकडच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादा खालच्या आहेत: २३ च्या पुढं जास्त, २५ च्या पुढं लठ्ठपणा. म्हणजे तुम्ही तिकडं नुसत्या "जास्त" आणि इकडं "लठ्ठ".

हे गणित मुळात डॉक्टरनं काढलेलंच नाही. केटले नावाच्या बेल्जियन माणसानं १८३० च्या दशकात ते मांडलं. तो खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रातला. त्याला लोकसंख्येतला "सरासरी माणूस" शोधायचा होता, एकेका माणसाचं आरोग्य मोजायचं नव्हतं. बीएमआय हे नाव त्या गणिताला अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. (हे गृहस्थ प्रश्न ५ मध्ये परत भेटतील.)

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच, दोघं शेजारी शेजारी असलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडची बारीक दिसणारी माणसंही आतून चरबीवाली असू शकतात. साखर वाढते तेव्हा ती ब्लाउजचं माप विचारून वाढत नाही.

म्हणून डॉक्टर मॅडम पोटाचा घेरही बघतात. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या आसपास, ही सावध व्हायची रेषा. पण माझ्या वहीतली कंबर तिथं सांगू नका. मी परकराची नाडी बांधता तिथलं माप घेते. डॉक्टर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेतात. दोन्हींत दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो. घेर जास्त निघाला तर साखर, रक्तदाब, थायरॉइड बघून घ्या. ती तपासणी झाली. रडायचं काही कारण नाही.

४. लग्न दोन महिन्यांवर आहे. वहिनी, ब्लाउज दोन इंच घट्टच शिवा, तोपर्यंत मी बारीक होतो.

(आमच्याकडच्या पोरी "होतो"च म्हणतात, पुण्याच्यांनी दचकू नये.)

नाही शिवणार. हा प्रश्न मला प्रत्येक लग्नसराईत येतो आणि मी प्रत्येक वेळी तेच सांगते. आजच्या अंगावर शिवू आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईत दीड-दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवू. आत घ्यायचं झालं तर हळदीच्या आदल्या दिवशीही अर्ध्या तासाचं काम आहे. पण घट्ट कापलेल्या कापडात नसलेली माया मी कुठून आणू? जरीकाठाची पैठणी, काठ बाहीला लावलेला, मुंढा कापून झालेला. तिथं देवही काही करू शकत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एकीचं ऐकलं होतं. पोरगी दोन महिने काकडी आणि ग्रीन टीवर होती. लग्नाच्या सकाळी हुक लागेना. करवल्या दोन्हीकडून ओढतायत, मेकअपवाली घड्याळ बघतेय, आई म्हणतेय, "तरी सांगत होतो कमी खा." शेवटी पाठ उसवून आतून पट्टी टाकली आणि वरून पदर घेतला. फोटोत काही दिसत नाही. पण ती पोरगी अजून तो अल्बम उघडत नाही. चूक माझी होती. जे अंग अजून आलेलंच नाही त्याच्या मापानं कापलं.

५. पण मनावर घेतलं तर होतंच की कमी. माझ्यातच जिद्द नाही असं नवरा म्हणतो.

प्रश्न ३ मधले कीज आठवा. १९४४-४५ मध्ये त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण निवडले. युद्धावर जायला नकार दिलेले, मनाचे पक्के. त्यांना सहा महिने दिवसाला साधारण १,५७० कॅलरीवर ठेवलं. पोरं चिडचिडी झाली, थंडीनं कुडकुडायला लागली, स्वप्नात जेवायला लागली. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. उपास सुटल्यावर कितीही खाल्लं तरी भूक भागेना आणि परत चढलेल्या वजनात चरबी जास्त होती. ते पुरुष होते, आठवड्याला २२ मैल चालायचे, त्यामुळं तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. पण शरीर उपासमारीला "जिद्द" समजत नाही, दुष्काळ समजतं. त्यात जनुकं, थायरॉइड, पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास), बाळंतपण, रात्रपाळी, काही गोळ्या. यातलं कितीसं तुमच्या हातात आहे, ते नवऱ्याला विचारा.

चालणं, प्रथिनं, झोप, रक्तातली साखर हे सगळं वजनाचा काटा जागचा हलला नाही तरी कामाचं आहे. डॉक्टर मॅडम म्हणतात, काटा महिन्यातून एकदा बघा आणि उरलेले दिवस चपला झिजवा.

६. ती वजनाची नवी इंजेक्शनं घेऊ का?

माझ्याकडं विचारायचा हा प्रश्न नाही, तरी येतो. २०२५ पासून भारतात आठवड्यातून एकदा घ्यायची ही इंजेक्शनं मिळतात. ती खरोखर परिणामकारक आहेत आणि मधुमेह किंवा जास्त लठ्ठपणात डॉक्टर ती विचार करून देतात. मळमळ, उलट्या, पोट बिघडणं हे नेहमीचे त्रास. बंद केल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनाचा मोठा भाग परत आल्याचं अभ्यासात दिसलंय. गरोदरपणात चालत नाहीत, त्यामुळं "लग्नाआधी दोन महिने" हा बेत तर मुळीच नको. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पार्लरमधून किंवा कुणाच्या ओळखीनं घेऊ नका.

७. स्थळ बघायला येतात ते "स्लिम, गोरी" असंच लिहून देतात. मुलगा स्वतः ९५ किलोचा. काय करायचं?

पोहे द्यायचे आणि वजन विचारायचं. त्याचं. गंमत करत नाहीये, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आजीनं खरंच विचारलं होतं. बैठक तिथंच संपली आणि घरात कुणी रडलं नाही.

गोरेपणाचा बाजार किती जुना आहे बघा. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली आणि नावातला "फेअर" काढायला २०२० उजाडलं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत दोन पिढ्यांचे बायोडेटा लिहून झाले. पण हे सनातन काळापासूनच असं आहे असं समजू नका. शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला जा. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ आहे, बाराव्या शतकातलं. भिंतीवरच्या सुरसुंदरी बघा. एकीलाही आजच्या स्मॉल साइजचा कुर्ता होणार नाही. काळ्या दगडातल्या आहेत आणि सुंदरी म्हणूनच घडवल्यात.

बायोडेटात वजनाचा रकाना ठेवायचा का? माझं मत: काढून टाका. उंची, शिक्षण, नोकरी ठेवा. ज्यांना काटाच हवाय ते फोन करून विचारतील, आणि तेवढ्यात तुम्हाला माणसं कळतील.

८. इथं पैलवानाच्या पोटाचंही कौतुक, आणि माझी मुलगी दंडानं भरलेली तर "हत्तीण". असं का?

कारण पोराचं वजन कमावलेलं आणि पोरीचं सुटलेलं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं त्या गावात एकशेदहा किलोचा माणूस रस्त्यानं चालला की लोक वाट देतात. खुराकाचं दूध, तूप, बदाम यावर गल्लीत अभिमानानं बोललं जातं. बाईच्या अंगात ताकद असू शकते, हे मात्र आपण फार उशिरा बघायला शिकलो.

हमीदा बानूचं नाव ऐकलंय? १९४०-५० च्या दशकात पुरुषांशी कुस्ती खेळायची. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलोच्या आसपास, तिचा आहार वर्तमानपत्रात बातमी म्हणून छापायचे. १९५४ मध्ये "मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन" असं तिनं जाहीर केलं होतं. त्या काळच्या वधूपरीक्षेपेक्षा मला हे बरं वाटतं. महिलांची महाराष्ट्र केसरी तर २०२३ मध्ये सुरू झाली, शेजारी सांगलीत.

आता यातला अवघड भाग. कुस्तीतही वजन मोजतातच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात फक्त १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम फेरीतून बाहेर गेली. नियमानं गेली, आणि आपण सगळे हळहळलो. पण तो गट तिनं निवडला होता. तुमच्या मुलीनं कुठला गट निवडलाय, ते कोपऱ्यावरच्या काकूंनी ठरवायचं नाही.

९. कुठल्याही दुखण्याला डॉक्टर "वजन कमी करा" एवढंच म्हणतात.

माझंच सांगते. सात-आठ महिने पाळीत फार रक्त जायचं. पहिल्या ठिकाणी पोटाला हात न लावता "आधी दहा किलो उतरवा" म्हणाले. मी भात सोडला. रक्त जायचं थांबलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तर गर्भाशयात गाठ. तोवर हिमोग्लोबिन सातवर आलं होतं आणि मी मशिनवर बसल्या बसल्या पेंगायचे.

शांतपणे एवढंच विचारा: "हेच दुखणं बारीक बाईला असतं तर कुठली तपासणी सांगितली असती? ती माझी करूया." चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत. एक मापाची गोष्टही सांगते, ती मला फार पटली. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. दंडाचा घेर साधारण तेरा इंचांच्या वर असेल तर मोठा पट्टा मागा. तुमचा दंड किती ते ठाऊक नसेल तर मला विचारा, बाहीच्या मापात लिहिलेलं असतं.

१०. मी ३८ किलोची आहे. मला "पाप्याचं पितर" म्हणतात. हे यात बसतं का?

बसतं. "घरात खायला घालत नाहीत का" हा टोमणा आईलाही लागतो, ते वेगळंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८.७ टक्के बायका कमी वजनाच्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या. रक्तक्षय मात्र ५७ टक्क्यांना. म्हणजे जाडीला "कमी खा" आणि काडीला "जास्त खा" सांगणाऱ्या गल्लीत निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्तच कमी, आणि त्यावर कुणी बोलत नाही. हिमोग्लोबिन तपासा. वजन अचानक उतरलं असेल तर थायरॉइड, साखर, क्षय हेही बघायला हवं.

११. मुलगी नववीत आहे. डबा तसाच परत आणते आणि दिवसभर रील बघते. काळजी करू का?

डबा दोनदा परत आला म्हणून घाबरू नका. पण पाळी थांबणं, केस गळणं, सतत थंडी वाजणं, जेवल्या जेवल्या न्हाणीघरात जाऊन कडी लावणं, ढगळे कपडे, "मी मैत्रिणीकडं खाऊन आलोय" असं रोज, यातलं काही दिसलं तर उशीर करू नका. आणि ही पोरगी हाडं निघालेलीच असेल असं नाही. अंगानं चांगल्या दिसणाऱ्या मुलीही उपाशी राहून आजारी पडतात, उलट त्यांचं कौतुक होतं म्हणून कुणाला कळत नाही. बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

मोबाइलला दोष द्यावा का? थोडा. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथं भरलेलं अंग चांगलं मानायचे. त्याच साली शाळकरी मुलींना विचारलं तेव्हा वजनासाठी उलट्या काढणारी एकही नव्हती. तीन वर्षांनी अशा मुली ११.३ टक्के झाल्या. तो फक्त टीव्ही होता, त्यात चेहरा बारीक करायचा फिल्टर नव्हता. पण आरशासमोर उभं राहून "शी, किती सुटलोय मी" म्हणणारी आईही मुलीला रोजच दिसते. तो रील बंद करायला मोबाइल काढून घ्यावा लागत नाही.

१२. एका दुकानात लार्ज होतो, दुसऱ्या दुकानात डबल एक्सेलही होत नाही. मी महिन्याभरात वाढले का?

नाही. प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं असतं. भारतीय अंगांची मापं ठरवायला निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं पंचवीस हजारांवर लोकांना स्कॅनरनं मोजायचं काम हाती घेतलं, ते याच गोंधळामुळं. लेबल टोचत असेल तर कापून टाका.

१३. यावर कायदा आहे का?

वकीलताईंचं उत्तर: थेट नाही, पण हात बांधलेलेही नाहीत. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९७६ च्या कायद्यानं वजनावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे. आपल्याकडं तसा कायदा नाही. २००९ मध्ये एअर इंडियानं वजनाच्या नियमात न बसणाऱ्या हवाई सुंदरींना कामावरून कमी केलं होतं.

घरात सतत टिंगल, अपमान, नावं ठेवणं चालू असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्याला शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणतो. महिला हेल्पलाइनच्या १८१ वर फोन करता येतो. नवरा सतत "तू माझ्या अपेक्षेत बसत नाहीस" म्हणत दुसऱ्या बायकांशी तुलना करत असेल तर ती मानसिक क्रूरता, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये घटस्फोटाच्या प्रकरणात म्हटलंय. ऑफिसात अंगावरून लैंगिक रोखाचं बोलणं झालं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. तक्रार तीन महिन्यांत द्यायची. दहापेक्षा कमी माणसांचं ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं.

अडचण "लैंगिक रोख" या शब्दांत आहे. सहकारिणीच्या केसांवरून केलेली एक शेरेबाजी या कायद्यात बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ठरवलं. "किती खातेस" हे त्याहून निसटतं. अशा वेळी तारीख, वार, कोण होतं हे लिहून ठेवा. एकदाचं बोलणं निसटतं, वीस वेळचं लिहून ठेवलेलं तेवढं सहज निसटत नाही. पुढं जायची वेळ आलीच तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची रात्रीची गाडी पकडायचं टळलं.

१४. पुरुषांना नाही का ऐकावं लागत?

लागतं. टकलावरून, ढेरीवरून, उंचीवरून. बाकी प्रश्न ७ बघा.

१५. वहिनी, तुम्ही स्वतः कधी कुणाला बोलला नाहीत?

बोललेय. "तुम्हाला हा गळा शोभणार नाही" हे वाक्य मी बावीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. खरं म्हणजे गळा शोभतो, फक्त खांदा उतरू नये म्हणून कटिंग वेगळं लागतं आणि वेळ जास्त जातो. माझा आळस मी त्यांच्या अंगावर ढकलत होते.

आणखी एक आहे. मापाच्या वहीत मी नावापुढं खुणा करायचे. "उं." म्हणजे उंच, "जा." म्हणजे जाड, म्हणजे कापड कमी आणलं असेल तर आधीच फोन करता येतो. एकदा एक बाई माप झाल्यावर वही बघत होत्या. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "माझ्या नावापुढं 'जा' का लिहिलंय?" मी काय सांगणार? जाड म्हणून लिहिलंय, जा म्हणून नाही? दोन्ही वाईटच. त्यांना मात्र माझ्या तोंडाकडं बघून समजलं. पर्स उचलली आणि गेल्या.

आता वहीत फक्त इंच असतात. त्यांचा निळा इरकलीचा खण राहिलाय माझ्याकडं. दोनदा निरोप पाठवला, "राहू दे" म्हणाल्या. शिवून पाठवावा असं मनात येतं, पण माप चार वर्षांपूर्वीचं आहे.